जुना जेसीबी, पोकलेन विकता-घेताना कागद कसे करावेत

सगळ्यात आधी मशीन आरटीओत नोंदलेलं आहे का, ते पाहा. टायरवरचा बॅकहो लोडर, म्हणजे आपला जेसीबी, रस्त्यावर चालतो. त्याला नंबर आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असते. चेनवरच्या पोकलेनला बहुधा आरसी नसतेच. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे डीलरचं मूळ बिल आणि त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचं बिल. मधलं एक बिल जरी हरवलेलं असेल, तर आधीच्या मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

करारनाम्यात 'एक जेसीबी मशीन' एवढं लिहून भागत नाही. मेक, मॉडेल, उत्पादन वर्ष, चेसिस किंवा सिरियल नंबर, इंजिन नंबर आणि त्या दिवशीचं अवर मीटर (मशीन एकूण किती तास चाललं तो आकडा) हे सगळं लिहा. नंबर आरसीवरून उतरवू नका, मशीनवरून उतरवा. चेसिस नंबरावर कोरा कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून छाप घ्या आणि ती कराराला जोडा. इंजिन बदललेलं असलं तर फरक इथेच सापडतो. अवर मीटर बदलता येतं, म्हणून लाइव्हलिंक (मशीनची माहिती कंपनीकडे ऑनलाइन पाठवणारी जेसीबीची यंत्रणा) चालू असलेल्या जेसीबीचे तास त्यातूनही पडताळून घ्या. रॉक ब्रेकरची (मशीनला जोडायच्या खडक फोडणाऱ्या अवजाराची) किंमत मोठी असते आणि त्याला स्वतंत्र सिरियल नंबर असतो, तेव्हा तो वेगळ्या ओळीत लिहा. जादा बकेट, दुसरी चावी, सर्व्हिस बुक हेही यादीत हवं. भांडणं होतात ती नेमकी यावरूनच. महाराष्ट्रात असा करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करतात. १००चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही.

मशीनवर कर्ज असेल तर पैसे विक्रेत्याच्या हातात देऊ नका. फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र मागवा, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली विक्रेत्याला द्या. जेसीबीच्या आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ आणि एनओसीने उतरतो. पोकलेनचा बोजा आरसीअभावी दिसत नाही, त्यामुळे मूळ बिलावर फायनान्स कंपनीचं नाव आहे का ते पाहून सर्साईच्या (तारण मालमत्तेची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर शोध घ्या. पैसे आरटीजीएसनेच द्या आणि यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) पावतीवर लिहा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

ताबा पावती लोक सगळ्यात हलक्यात घेतात. तिच्यावर तारखेसोबत वेळही टाका. दुपारी ताबा गेला आणि संध्याकाळी विनापरवाना मुरूम उपसताना तहसीलदारांनी मशीन धरलं, तर विक्रेत्याच्या हातात ती वेळ हवी. उलट बाजूने, गौण खनिजाचा जुना दंड किंवा ई-चलन थकलेलं नाही असं घेणाऱ्याने विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

जेसीबी दुसऱ्याच्या नावावर करायला आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यात जात असेल तर फॉर्म २८ची एनओसीही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. कोऱ्या २९-३० वर सह्या करून देण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीच महागात पडते: एजंट पुढच्याला विकतो, तो आणखी पुढच्याला, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विमाही १४ दिवसांत घेणाऱ्याच्या नावावर करायचा; नाहीतर मशीनच्या नुकसानीचा दावा अडकतो.

बिल कमी रकमेचं करा, हा आग्रह हमखास होतो. पण खरेदीवेळी जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल तर त्यात फारसं हशील नाही. समजा मशीन ३० लाखांचं आणि जीएसटी ५.४० लाख. दर तिमाहीला क्रेडिट ५ टक्के घटतं, म्हणजे ३ वर्षांनी २.१६ लाख उरतं. १४ लाखांना विकलं तर १८ टक्क्यांनी कर २.५२ लाख. बिल १० लाखांचं दाखवलं तर कर १.८० लाख होतो, पण उरलेलं क्रेडिट आणि हा कर, या दोन्हींपैकी जास्त रक्कम भरावी लागते, म्हणजे २.१६ लाख. तेवढ्यासाठी खोटं बिल फाडून पुढे विम्याच्या वेळी आणि पुन्हा विकताना अडचण कशाला ओढवून घ्यायची?

लोबेडवर (कमी उंचीच्या ट्रेलरवर) मशीन न्यायचं असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) काढा. मालाच्या किमतीची मर्यादा महाराष्ट्रात राज्यांतर्गत १ लाख, आंतरराज्य ५० हजार. माल मापाबाहेरचा असेल तर वाहन प्रकारात 'ओडीसी' (मापाबाहेरचा माल) निवडा. साध्या प्रकारात बिलाला २०० किलोमीटरमागे एका दिवसाची मुदत मिळते, ओडीसीत २० किलोमीटरला. पुणे ते नागपूर सुमारे ७०० किलोमीटर धरले तर चार दिवस की पस्तीस दिवस, एवढा फरक पडतो. ट्रेलर वाटेत बदलावा लागला तर नवा गाडी नंबर बिलाच्या भाग 'ब'मध्ये टाकल्याशिवाय पुढे निघू नये.