खराब झालेल्या जैविक नमुन्यांतून डीएनए मिळवताना या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून उन्हाळाच पुराव्याचा खरा शत्रू आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः लवकर वाळलेला रक्ताचा डाग बराच काळ टिकतो. पावसाळी ओल राहिली की मात्र जीवाणू आणि विकरे (एन्झाइम) डीएनएचे तुकडे पाडू लागतात. म्हणूनच नरखेड किंवा भिवापूरकडून मुद्देमाल नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवताना ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. कपडा सावलीत वाळवावा, कारण उन्हातील अतिनील किरणांनीही डीएनए बिघडतो, आणि प्रत्येक वस्तू स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावी. डीएनएसाठी काढलेली ऊती फॉर्मेलिनमध्ये तर मुळीच ठेवू नये.

सांगाड्यातून हाताला लागेल ते हाड उचलण्याची सवयही सोडावी. बरगडीसारख्या पातळ, सच्छिद्र हाडापेक्षा मांडीच्या हाडाचा घट्ट भाग, शाबूत दाढ किंवा आतील कानाभोवतीचा कवटीचा अतिकठीण भाग अधिक भरवशाचा असतो. हाडाचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ केल्यावर त्याचे चूर्ण करताना यंत्र वेगाने फिरवल्यास घर्षणाच्या उष्णतेने उरलासुरला डीएनएही जातो, त्यामुळे थांबत थांबत किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून दळावे. त्यानंतर ईडीटीएच्या द्रावणाने कॅल्शियम विरघळवल्याशिवाय आत अडकलेला डीएनए पुरेसा सुटत नाही.

प्रोफाइल, म्हणजे व्यक्ती ओळखण्यासाठी वाचलेल्या डीएनए-खुणांचा संच, अर्धवट आली की पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या अभिक्रियेत, नमुन्यातून काढलेला आणखी अर्क घालण्याचा मोह होतो. माझ्या मते या कामातील सर्वाधिक गोंधळ इथेच आहे, कारण तुटलेला डीएनए आणि बाहेरच्या द्रव्यांमुळे अडलेली अभिक्रिया यांची लक्षणे सारखी दिसतात, पण उपाय उलट आहेत. दोन्हींत लांब खुणा आधी गळू शकतात आणि आलेखातील शिखरे डावीकडून उजवीकडे उतरत जातात. अशा वेळी रिअल-टाइम पीसीआरची, म्हणजे डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीची, आकडेवारी पाहावी. अंतर्गत नियंत्रण (चाचणीत मुद्दाम घातलेला ठरावीक डीएनए) उशिरा वर येत असेल, तर काळ्या मातीतील ह्युमिक आम्ल, रक्तातील हिमॅटिन किंवा जीन्सचा निळा रंग अर्कात उतरला असण्याची शक्यता असते; तेथे अर्क विरळ करावा किंवा पुन्हा शुद्ध करावा. नियंत्रण ठीक असून लहान लक्ष्याच्या (मोजायच्या डीएनए-तुकड्याच्या) तुलनेत मोठ्या लक्ष्याचे प्रमाण फार कमी दिसले, तर तुकडे झाले आहेत असे समजावे, आणि तेव्हाच अधिक अर्क किंवा मिनी-एसटीआर (डीएनएतील पुनरावृत्त भाग आखूड तुकड्यांतून वाचणारी चाचणी) उपयोगी पडतात. मिनी-एसटीआरमध्ये प्रायमर (प्रत बनवण्याची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए-तुकडे) पुनरावृत्त भागाच्या जवळ आणलेले असल्याने तुटका धागाही वाचता येतो.

पीसीआरची चक्रे वाढवूनही काम भागते, परंतु त्याबरोबर हाताळणाऱ्याचा डीएनएही वाढतो आणि एखादे युग्मविकल्प (एका खुणेचे आई किंवा वडिलांकडून आलेले रूप) गळून पडू शकते. म्हणून रिकामे (नमुना न घातलेले) नियंत्रण सोबत लावावे, चाचणी पुन्हा करावी आणि दोन्ही वेळा दिसलेलेच युग्मविकल्प ग्राह्य धरावेत.

पेशीच्या केंद्रकातला डीएनए हाती लागलाच नाही, तर पेशीतील ऊर्जाकेंद्रांतल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियल, डीएनएकडे वळावे; त्याच्या प्रती पेशीत शेकडो ते हजारो असतात. मात्र तो आईकडून येत असल्याने सख्ख्या भावंडांत आणि मावशीतही सहसा तोच आढळतो, त्यामुळे अहवालात व्यक्तीची ओळख पटली असे न लिहिता मातृवंश जुळतो एवढेच नोंदवावे.