पोरांना घेऊन शिडाच्या बोटीने अटलांटिक पार करायचाय? आधी तिसरा मोठा माणूस शोधा

आम्ही दोघं, सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि माझा भाऊ, असे पाच जण ४० फुटी शिडाच्या बोटीने कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला गेलो. तेव्हापासून बरेच जण विचारतात की एवढ्या लहान मुलांना घेऊन जमतं का, तयारी काय करायची, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. ज्यांना शीड सांभाळता येतं, किनाऱ्याकिनाऱ्याने बोट चालवलीय पण मुलांसोबत मोठा पल्ला मारला नाहीये, त्यांच्यासाठी आहे हे.

सगळ्यात आधी माणसांचं बघा, बोटीचं नंतर. दोन मोठे आणि दोन लहान म्हणजे बोटीवर दोन खलाशी नसतात, दीडच असतो, कारण एक जण कायम पोरांपाशी अडकलेला. जिब्राल्टरहून कॅनरीला येताना, साधारण ६०० सागरी मैल (पुढे मैल म्हणजे सागरी मैलच समजा), आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या रात्री धाकट्याला उलट्या लागल्या, तो मला सोडेना, नवरा एकटा बारा तास बाहेर बसला आणि पहाटे एआयएसचा (जवळची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राचा) अलार्म वाजला तेव्हा तो बसल्या बसल्या झोपलेला होता. मालवाहू जहाज दीड मैलावरून निघून गेलं. तो अलार्म लावलेला नसता तर, हा विचार मला अजून येतो. कॅनरीतल्या लास पाल्मासला पोचल्या पोचल्या मी भावाला फोन केला, सुट्टी टाक आणि ये.

तीन मोठे असले की तीन तास वॉच (पहारा) आणि सहा तास सुट्टी असा हिशोब बसतो, आणि सहा तासांत सलग झोप होते, पोरांकडे बघायलाही कोणीतरी जागं असतं. फक्त तो तिसरा माणूस आधी तुमच्यासोबत किमान दोन-तीन रात्री समुद्रावर राहिलेला हवा. तिथे निभलं तरच पुढचं ठरवा.

आता रस्ता आणि वेळ. लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुसिया बेट साधारण २,७०० मैल. ४० फुटी बोट दिवसाला १२० ते १५० मैल जाते, म्हणजे १८ ते २२ दिवस, सामान मात्र ३० दिवसांचं भरा. अटलांटिकचा चक्रीवादळांचा सीझन ३० नोव्हेंबरला संपतो, आणि ईशान्येचे व्यापारी वारे नीट बसायला कधीकधी डिसेंबर उजाडतो, त्यामुळे नोव्हेंबरात सगळे निघाले म्हणून तुम्हीही निघायलाच हवं असं नाही. मुलं असतील तर माझं स्पष्ट मत, वाटेतल्या केप व्हर्द बेटांवर थांबा. कॅनरीहून तिथलं मिंडेलो बंदर साधारण ८५० मैल, आठवडाभर. तिथे दुरुस्ती होते, पोरं पाय मोकळे करतात, आणि मुख्य म्हणजे कोणाचं मन नाही म्हणत असेल तर थांबायची ती शेवटची जागा. तिथून पुढे २,१०० मैलांच्या आसपास राहतात आणि वारा सहसा पाठीमागून मिळतो. पाठीमागून वारा म्हणजे आरामच असं वाटतं, पण बोट रात्रंदिवस इकडून तिकडे लोळत असते, आणि सुकाणू जरा चुकलं की मोठं शीड बूमसकट (खालच्या आडव्या दांड्यासकट) एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फाडकन येतं. बूमला प्रिव्हेंटरचा, म्हणजे तो असा फिरू नये म्हणून लावायचा, दोर कायम बांधलेला ठेवा, आणि अंधार पडायच्या आधी शीड कमी करा, रात्री ढगाखालून वारा अचानक दुप्पट होतो.

पोरांच्या सुरक्षेत तडजोड नाही. ६ नॉटने (तासाला ६ मैल) जाणारी बोट एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते, आणि दोन मीटरच्या लाटांत एवढंसं डोकं दिसतच नाही, म्हणजे मूल पडल्यावर काय करायचं यापेक्षा ते पडूच नये यावर सगळा जोर हवा. आमचा नियम होता, पायरीच्या खालीच हार्नेस (अंगावरचे पट्टे) घालायचा, टेदरचा, म्हणजे हार्नेसच्या दोराचा, हूक मोठ्या माणसाने कॉकपिटातल्या (सुकाणूपाशी बसायच्या जागेतल्या) कड्याला अडकवायचा आणि मगच वर पाऊल. टेदर इतका आखूड ठेवा की मूल कठड्यापलीकडे जाऊच शकणार नाही, धक्क्याला बोट उभी असताना मुलाला उभं करून मोजून बघा. लाइफजॅकेट फोमचं, मागे कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघतं. कठड्याला सगळीकडून जाळी बांधा. आणि हे सगळं मोठ्यांनाही लागू! रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणीही कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही, आईबाप हूक लावत नसतील तर पोरं का लावतील.

खरी भीती लोकांना वादळाची वाटते, मला विचाराल तर भाजण्याची जास्त वाटते. चालत्या बोटीवर स्वयंपाक करताना पोरं त्या बाजूला नकोतच, दोघांना बंकवर कापडी आडोसा लावून बसवायचं. आपला प्रेशर कुकर इथे देवासारखा, झाकण बंद असतं, कलंडला तरी खिचडी सांडत नाही. त्यातच शिजवायचं, आणि वाटी खाली नॉन-स्लिप चटईवर ठेवून मगच वाढायचं, हातात धरलेल्या वाटीत नाही.

बोट लागणं पहिले तीन दिवस गृहीत धरा. निघायच्या आदल्या दिवशीच तीन दिवसांचं जेवण शिजवून ठेवा. औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या आणि एकदा जमिनीवर देऊन बघा, काही मुलं त्याने नुसती झोपतात तर काही उलट चेकाळतात. उलट्या झाल्या तर ओआरएस चमच्या-चमच्याने. निघायच्या आधी सगळ्यांचे दात दाखवून घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर हेलिकॉप्टर पोचत नाही, मदत आली तर जवळपासच्या व्यापारी जहाजाची, म्हणून सॅटेलाइट फोन हवाच. रोमचं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून समुद्रावरच्या लोकांना फुकट वैद्यकीय सल्ला देतं, त्यांचा नंबर फोनजवळ चिकटवून ठेवा. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत सिग्नल पाठवणारं यंत्र) बोटीच्या नावाने रजिस्टर केलेला हवा, आणि लाइफराफ्टच्या (बोट बुडाली तर वापरायच्या तराफ्याच्या) पिशवीत धाकट्याचं औषध आणि त्याचं आवडतं एक खेळणं.

पाणी: पिण्या-शिजवण्याला माणशी रोज ३ लिटर धरा, पाच जणांचे ३० दिवसांचे ४५० लिटर होतात, ते दोन टाक्यांत आणि वर कॅनमध्ये वाटून. वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र) असला तरी तो बंद पडणार हे धरूनच. अंडी न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली घ्या, दर दोन दिवसांनी उलटी करा, टिकतात. कोबी, कांदे, बटाटे, भोपळा (कांदे-बटाटे वेगवेगळे ठेवा). केळ्यांचा घड घेऊ नका, सगळी एकाच दिवशी पिकतात. भाजणी, मेतकूट, पोहे आणि रव्याचे लाडू घरून मागवलेले. मध्यरात्रीच्या वॉचला एक लाडू आणि गरम चहा, याला तोड नाही.

पोरांना तीन आठवडे म्हणजे किती हे कळतच नाही. आम्ही दोऱ्यात २२ मणी ओवले, रोज सकाळी एक सरकवायचा. पश्चिमेला जाताना दर १५ रेखांशाला सूर्य एक तास मागे पडतो, म्हणून सहा-सात दिवसांनी बोटीवरचं घड्याळ तासभर मागे, त्या दिवशी थोरली घड्याळ फिरवणार आणि झोपायला एक तास उशीर, याची ती वाटच बघायची. सकाळी डेकवर पडलेले उडते मासे मोजायचं काम धाकट्याचं. एक दिवस त्याने एक हातात धरून आणला, पंख उलगडला, पातळ, ओल्या पतंगाच्या कागदासारखा, आणि त्या दिवशी तो पूर्ण वेळ पंखच काढत बसला. शाळेची पुस्तकं नेली होती, सकाळचा तासभर पुरे, त्याहून जास्त हट्ट धरू नका.

पोचताना घाई करू नका. अंधारात अनोळखी बंदरात शिरायचं नाही, बेट दिसलं तरी बाहेर थांबून उजाडू द्या. भारतीय पासपोर्ट असेल तर आधीच लक्षात घ्या, कॅनरी स्पेनचं म्हणून शेंगेनमध्ये (युरोपच्या सामाईक व्हिसाच्या भागात) येतं पण कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट फ्रान्सचं असूनही येत नाही, तिथला व्हिसा वेगळा बघावा लागतो. पोचल्यावर पिवळा झेंडा (तपासणी व्हायचीय याची खूण) वर चढवायचा आणि कागदपत्रं होईपर्यंत फक्त कप्तान उतरणार, बाकी सगळे बोटीवरच. हे पोरांना दोन दिवस आधीपासून सांगत राहा, कारण समोर वाळू दिसत असताना थांबायला लागतं आणि आमच्या धाकट्याने त्या दोन तासांत जेवढं रडून घेतलं तेवढं पूर्ण समुद्रात रडला नव्हता.