लाकूड आणि ॲक्रिलिकचे पेन लेथवर कसे घडवावे

पेन टिकणार की नाही, हे लाकूड किती वाळले आहे आणि त्यातले छिद्र किती सरळ पडले आहे, यावर ठरते. नागपुरात पहिल्या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण दमट पावसाळ्यात घडवलेले पेन मे महिन्याच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात आकसते, छिद्रात बसवलेली पितळी नळी मात्र तशी आकसत नाही आणि लाकूड उभे तडकते. म्हणून लकडगंजातून आणलेला सागवान किंवा शिसमाचा तुकडा सावलीत ठेवावा, अधूनमधून तोलावा आणि वजन उतरायचे थांबल्यावरच कामाला घ्यावा. संत्र्याच्या जुन्या झाडाची जाड फांदी मिळाली तर जरूर ठेवावी. ते लाकूड घट्ट आणि बारीक पोताचे असते, फक्त वाळताना टोके मेणाने बंद करावीत.

7 मिमीच्या नळीसाठी ठोकळा नळीपेक्षा थोडा लांब कापावा. ड्रिल दर सेंटीमीटरला बाहेर काढून भुसा झाडावा. ॲक्रिलिकला वेग कमी ठेवावा, नाहीतर ते वितळून ड्रिलला चिकटते. नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून इपॉक्सीने (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाने) बसवावी. ॲक्रिलिक पारदर्शक असल्यास छिद्र आतून रंगवावे, म्हणजे पितळ दिसत नाही. इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर दोन्ही टोके नळीच्या काटकोनात सपाट करावीत.

मॅन्ड्रेलचा, म्हणजे लेथवर ठोकळे ओवून धरणाऱ्या दांडीचा, नट बेतानेच आवळावा. जास्त आवळल्यास दांडी वाकते आणि पेन लंबगोल होते. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क हवाच, कारण शिसमाच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते. हातमोजे आणि सैल बाह्या मात्र टाळाव्यात. ॲक्रिलिकवर धारदार पटाशी हलक्या हाताने चालवावी. सलग, लांब फीत सुटत असेल तर कोन बरोबर आहे. टवके उडू लागले की थांबून धार लावावी.

घासकाम 150 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत न्यावे. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लाकूड रेषेच्या दिशेने हातानेही घासावे, कारण आडवे ओरखडे पॉलिशनंतरच उठून दिसतात. ॲक्रिलिक पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासावे. लाकडावर सुपरग्लूचे पातळ थर, प्रत्येक थर सुकू देऊन, द्यावेत.

जोडणी करताना फिरकीचा (टोक फिरवून आत-बाहेर करणारा) भाग थोडा थोडा दाबत न्यावा आणि दर वेळी रिफिल घालून टोक किती बाहेर येते ते पाहावे. एकदा जास्त आत गेलेला भाग सहसा लाकूड न फुटता परत निघत नाही.