टर्नटेबलची घूंऽ घालवायची तर

टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची, सुई तबकडीला टेकायच्या आधीच स्पीकर घूंऽ करत असेल, तर बहुतेक जण मला एकच विचारतात, "महागडी केबल घेऊ का?" नको. आवाज जरा वाढवा आणि टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, धातूला बोट लावा. घरघर एकदम कमी झाली किंवा वाढली, तर आर्मचं अर्थिंग करणारी बारीक वायर कुठेतरी सुटलीय, आणि ती जोडणं पाच मिनिटांचं काम आहे.

एवढीशी वायर इतकी महत्त्वाची का? मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या नेहमीच्या डबीतून, जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. टर्नटेबल आणि अँप्लिफायरच्या मधला फोनो प्रीअँप ते शंभरेक पट वाढवतो, शिवाय रेकॉर्डसाठी ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार खालचे स्वर आणखी उचलतो. 50 हर्ट्झला, 1000 हर्ट्झच्या तुलनेत, जवळपास 17 डेसिबल. घरातली वीज नेमकी 50 किंवा 60 हर्ट्झची. म्हणजे विजेच्या या घुसखोर घूंऽसाठी आपणच पायघड्या घालून ठेवल्यात.

आधी अँप्लिफायर आणि प्रीअँप बंद करा. टर्नटेबलच्या मागे आवाज नेणाऱ्या दोन आरसीए पिनांसोबत अर्थिंगची एक बारीक सुटी वायर असते, टोकाला यू आकाराची थिंबल, म्हणजे धातूची चिमटी. प्रीअँपच्या मागे 'जीएनडी' (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेला स्क्रू शोधा. स्क्रूवर रंग किंवा काळपटपणा असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. थिंबल स्क्रूखाली पूर्ण सरकवा आणि बोटांनीच आवळा. पक्कड लावलीत तर अख्खा बोल्ट फिरून आतली जोडणी तुटू शकते. थिंबल तुटली असेल तर वायर सेंटीमीटरभर सोला, तारा पिळा आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर आवळताना तारा बाहेर ढकलल्या जातात.

वायर एकाच ठिकाणी जोडायची. प्रीअँपलाही आणि अँप्लिफायरलाही, असं दुहेरी काम करू नका. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थच्या भोकात तर मुळीच खुपसू नका. आणि घूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणाऱ्यांचं ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला आहे, गाणी ऐकायला नाही.

रेगा कंपनीच्या बहुतेक टर्नटेबलना सुटी वायर दिसणार नाही. तिथे आर्मचं अर्थिंग डाव्या चॅनलच्या केबलमधूनच जातं, तेव्हा जीएनडीचा स्क्रू रिकामा राहू द्या.

वायर नीट जोडूनही घूं राहिली, तर टर्नटेबलचाही प्लग काढून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) लावा: एक टोक आर्मच्या उघड्या धातूला, दुसरं थिंबलला. बीप नाही म्हणजे वायर आत तुटलीय. घरघर एकाच स्पीकरमधून येतेय? सगळं बंद करून प्रीअँपकडच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. घरघरही दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर दोष टर्नटेबलच्या बाजूला आहे. मग कार्ट्रिजच्या मागचे चार टॅग, म्हणजे रंगीत तारांची टोकं, बघा. पांढरा-निळा डाव्याचे, लाल-हिरवा उजव्याचे. निळा किंवा हिरवा सैल असेल तर तोच चोर.

आर्म मधल्या लेबलकडे नेताना आवाज वाढत असेल, तर अर्थिंगला दोष देऊ नका. कार्ट्रिज बहुधा मोटरचं किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. अँप्लिफायर हातभर लांब सरकवून बघा.

आणि वायर जोडल्यावर घूं उलट वाढलीच, तर दोन्ही उपकरणांची अर्थ दुसऱ्या वाटेनेही जोडली गेलीय, वळसा तयार झालाय. अशा वेळी ती सुटी वायर खुशाल काढून ठेवा.