थीम अपडेट झाली, डिझाइन उडालं

एका संस्थेची वर्डप्रेस साइट माझ्याकडे आली तेव्हा थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या तयार फायलींच्या संचाच्या, अपडेटनंतर रंग, फॉन्ट, हेडर सगळं मूळपदावर गेलेलं. मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणून तो शाबूत होता. आधीच्या डेव्हलपरने बदल थेट थीमच्या फायलींत केले होते, आणि अपडेट त्या फायली सरळ बदलूनच टाकतं.

संस्थेचं म्हणणं, “तयार थीम नकोच, सगळं कोडपासून बनवा.” पण मग वर्डप्रेसमधून सहज होणारं बातम्या, फोटो, फॉर्मचं काम पुढे सांभाळणार कोण?

मी चाइल्ड थीम केली, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, पण तिच्या अपडेटने न पुसली जाणारी छोटी थीम. वेगळा फोल्डर, त्यात स्टाइल.सीएसएस ही रंगरूपाची फाइल, आणि तिच्या वरच्या कॉमेंटमध्ये ‘टेम्प्लेट’पुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, अक्षरशः तेच. बॅकअपमधले जुने बदल इथे आणले. हेडर.पीएचपीची, म्हणजे पानाच्या वरच्या भागाच्या फाइलची, प्रत इथे असली की वर्डप्रेस तीच वापरतं. थीमचा कार्यकोड असलेल्या फंक्शन्स.पीएचपीचं मात्र तसं नाही: मूळ थीमची आणि चाइल्डची, दोन्ही चालतात, चाइल्डची आधी. ती आख्खी कॉपी केली तर तीच फंक्शन्स दोनदा येऊन साइट बंदच पडू शकते.

मुखपृष्ठ खरोखर वेगळं हवं होतं, तेवढी फ्रंट-पेज.पीएचपी कोरी फाइल घेऊन लिहिली. कॉपी केलेलं हेडर आपोआप अपडेट होत नाही, हा या सोयीचा भुर्दंड. मोठ्या अपडेटनंतर मी दोन्ही प्रती ताडून पाहतो.