मुलांची चित्रं जपताना या चुका टाळा

माझ्या मुलीनं साडेतीन वर्षांची असताना पहिला माणूस काढला. एक मोठा गोल, त्यात दोन डोळे आणि गोलातूनच थेट खाली लोंबणारे दोन पाय. पोट नाही, मान नाही. मला तो इतका आवडला की दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करायला नेला. मशीनमधून बाहेर आला तेव्हा डाव्या पायाच्या जागी नुसता जांभळा फराटा उरला होता. मेणाचा खडू तो, गरम रोलरखाली वितळणारच! तेव्हा सुचलं नाही खरं.

त्यानंतर ओळखीच्या घरांतले चित्रांचे बरेच गठ्ठे पाहिले. नासधूस बहुतेक ठिकाणी अशीच, जपण्याच्या नादात झालेली.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी

रंग वितळला नाही तरी लॅमिनेशन नकोच, कारण ते पुन्हा सुटत नाही. मुलं चित्रं काढतात तो कागद बहुधा स्वस्तातला. त्यात लाकडातलं लिग्निन असतं, त्यामुळे तो पिवळा पडतो आणि त्यात आम्ल तयार होत राहतं. प्लास्टिकमध्ये सील केला की ते आम्लही आतच कोंडतं. त्यापेक्षा एका बाजूनं उघडं असलेलं पारदर्शक पाकीट बरं. ते पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं घ्या. नव्या रेनकोटसारखा वास मारणारी मऊ पाकिटं पीव्हीसीची असतात, कालांतरानं चिकट होऊन ती रंगच ओढून घेतात.

सेलोटेपचं तर विचारू नका. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा गोंद तपकिरी डाग होऊन कागदात कायमचा मुरतो. स्टेपलरच्या पिना गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात.

सगळे रंग एकाच गठ्ठ्यात

प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा असतो आणि इथेच खरी गफलत होते. स्केचपेनची शाई उजेडात झपाट्यानं उडते. खिडकीसमोरच्या भिंतीवर वर्षभर लावलेलं चित्र उतरवाल तेव्हा सूर्य फिका पिवळा आणि आकाश जवळजवळ कोरं झालेलं असेल. उडालेला रंग परत येत नाही. भिंतीवर लावायचंच असेल तर प्रत लावा, मूळ चित्र आत ठेवा.

तेलखडू कधीच पूर्ण वाळत नाहीत. दोन चित्रं एकमेकांवर ठेवली की खालच्या हत्तीची सोंड वरच्या चित्राच्या पाठीवर उमटलीच म्हणून समजा. मध्ये बटर पेपर घाला. पोस्टर कलरचा जाड थर गुंडाळी केली की तडकतो आणि उलगडताना खपल्या पडतात, म्हणून अशी चित्रं आडवी, सपाट ठेवायची. साधी पेन्सिल मात्र या सगळ्यांत चिवट. घासलं गेलं नाही तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

दाणे, पानं, फुलं चिकटवलेली चित्रं म्हणजे झुरळांना आणि कसरीला आमंत्रण. छान फोटो काढा आणि मूळ चित्राला निरोप द्या.

मागची बाजू कोरी ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात १९५६ साली उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेली चित्रं सापडली. ती तेराव्या शतकातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाची असावीत असं मानतात. एका चित्रात घोडेस्वार भाल्यानं शत्रूला भोसकतोय आणि त्या घोडेस्वाराशेजारी नाव कोरलंय: ओनफिम. ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीनं साल टिकवली हे खरं, पण तो वीर म्हणजे स्वतः ओनफिम हे आज आपल्याला कळतं ते त्या नावामुळे. आपल्या घरातला गठ्ठा दहाच वर्षांनी उघडला तर कुठलं चित्र थोरल्याचं, कुठलं धाकटीचं यावर वाद होतात.

तेव्हा चित्र हातात आलं की मागे कडेला मऊ २बी पेन्सिलनं नाव, तारीख आणि वय लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मुलाचं स्वतःचं एक वाक्यही जसंच्या तसं घ्या. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं तर काही मुलं हिरमुसतात, ‘याची गोष्ट सांग ना’ म्हटलं की बोलतात. माझ्याकडच्या एका निळ्या गिचमिडीमागे लिहिलंय, ‘पाऊस झोपलाय.’ त्या वाक्याशिवाय तो कागद मी कधीच टाकून दिला असता.

सगळंच ठेवणं

वर्षाला एक खोकं, त्यात मावेल तेवढंच. निवडताना सुबक चित्रांपेक्षा पहिल्यावहिल्या गोष्टी शोधा: पहिला बंद झालेला गोल, पहिला डोक्यालाच पाय फुटलेला माणूस, खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी आलेलं पहिलं चित्र, भिंतीतून आतलं सगळं दिसणारं घर. निवड मुलाला सोबत घेऊन करा. स्वतःचं चित्र कचऱ्याच्या डब्यात सापडलेलं मूल ते लवकर विसरत नाही.

खोकं माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवू नका. हवेत ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशी धरते.

रात्री दिव्याखाली काढलेले फोटो

पिवळा उजेड, फोनची सावली, एक कड रुंद आणि एक अरुंद. असे फोटो नंतर कशाच्याच कामाचे नाहीत. दिवसा खिडकीजवळ, पण थेट ऊन नसेल तिथे चित्र सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि फोन चित्राला समांतर धरा. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरेसं: ए-फोर कागदाची २४८० बाय ३५०८ पिक्सेलची फाईल होते. फाईलला ‘२०२४-०६-१५’ असं आधी वर्ष येणारं नाव द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे प्रत ठेवली असं समजू नका, तिथे तो दाबून लहान केला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, एवढं पाळलं तरी खूप झालं.

आधीच बिघडलं असेल तर

जुना सेलोटेप ओढू नका, सोबत कागदाचा थरही निघतो. गुंडाळलेला कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर वजन द्या, काही दिवसांत सरळ होईल. मात्र त्यावर पोस्टर कलरचा जाड थर असेल तर आधी फोटो काढून घ्या. बुरशी दिसली तर ते चित्र आधी वेगळं करा, पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशनं झटका. ओलं असताना पुसलं की डाग आत जातो. प्लास्टिकला चिकटलेलं चित्र प्लास्टिकसकट स्कॅन करा.

आणि लॅमिनेट झालंच असेल तर कापून किंवा गरम करून सोडवायला जाऊ नका. त्यावर पेन्सिल उठत नाही, म्हणून आमचा तो लंगडा माणूस पाकिटात घालून मी सोबत चिठ्ठी ठेवली आहे: ‘बाबा. वय साडेतीन. पाय आईनं घालवला.’