बॉक्सिंग सुरू करताय? आधी मनगट सांभाळा

वजन उतरवायला बॉक्सिंग झकास, पण पहिल्याच दिवशी पंचिंग बॅगवर तुटून पडू नका. नवख्यांचं मनगट दुखावतं ते बहुतेक यातूनच. ग्लोव्हज घालण्याआधी हाताला पट्टी गुंडाळायला शिका. साधारण साडेचार मीटरची घ्या. आखूड पट्टी मनगटाला पुरत नाही. मनगट, तळहात, बोटांची हाडं, मग पुन्हा मनगट, असे वेढे द्यायचे. मूठ वळताना आवळलेली वाटावी, पण उघडल्यावर बोटं काळीनिळी दिसता कामा नयेत. बॅगसाठी 12 किंवा 14 औंसाचे ग्लोव्हज बरे. ठोसा बसताना मनगट सरळ हवं आणि जोर तर्जनी-मधल्या बोटाच्या गाठींवर यायला हवा. ठोशासरशी श्वास सोडा, बरेच जण तो धरूनच ठेवतात.

राउंड 3 मिनिटांचा, मध्ये 1 मिनिट विश्रांती. सुरुवातीला 2 मिनिटांनीच जीभ बाहेर येते, तेव्हा तेवढाच करा. समोरासमोरची लढत काही महिने नकोच. कोच घाई करत असेल तर कोच बदला.

दम वाढवायला सातारकरांना अजिंक्यतारा आहेच. चढ भरभर चालत घ्या, पण वजन जास्त असेल तर उतारावर धावू नका, गुडघे बोलायला लागतात. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, घाम गाळून परतताना कंदी पेढ्यांचा पुडा घेतलात, तर काटा हलणार नाही.